वरचा पापुद्रा, आतला धातू

वालचंदनगरच्या यंत्रशाळेत किंवा कोणत्याही जुन्या साखर कारखान्यात ज्यांनी फिटरचे काम केले आहे, त्यांना डी. सी. मोटरीचे पोट चांगले ठाऊक असते. झाकण काढले की आत तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल ठोकळा दिसतो. त्याला कम्युटेटर म्हणतात. त्यावर काळे ठोकळे टेकलेले असतात, ते कार्बनचे ब्रश. ब्रशातून वीज तांब्याच्या पट्टीत जाते, पट्टीतून गुंडाळीत जाते आणि मोटर फिरू लागते. दोन पट्ट्यांच्या मध्ये मात्र एक पातळ पत्रा घातलेला असतो. तो अभ्रकाचा. या पट्टीवरची वीज शेजारच्या पट्टीवर परस्पर जाऊ नये, एवढ्यासाठी त्याची योजना. तांबे लवकर झिजते, अभ्रक तितके झिजत नाही. मग अभ्रकाची कड वर येते, ब्रश उड्या मारू लागतो आणि ठिणग्या पडतात. म्हणून जाणता कारागीर ते अभ्रक तांब्याच्या पातळीखाली थोडे कोरून घेतो.

आता गंमत अशी की, ब्रशात असलेले ग्राफाइट आणि पट्ट्यांमधले अभ्रक हे दोन्ही पदार्थ एकाच घडणीचे आहेत. दोघेही पापुद्र्यांचे बनलेले. अभ्रकाचे पापुद्रे आपण नखाने सोडवतो. ग्राफाइटचे पापुद्रे पेन्सिलीतून कागदावर उतरतात, त्यालाच आपण अक्षर म्हणतो. घडण सारखी, पण एक विजेला वाट देते आणि दुसरे ती अडवते. एक वाहक, दुसरे रोधक.

यावर कोणी म्हणेल, त्यात नवल ते काय? पदार्थ वेगळे, म्हणून गुण वेगळे. बरोबर आहे. पण समजा मी असे म्हटले की, एकच पदार्थ आज वाहक असतो आणि थोडा थंड केला की रोधक होतो, तर? आणि त्याहीपुढे जाऊन म्हटले की, सगळा पदार्थ आतून धातूसारखा वाहक राहतो आणि फक्त त्याचा वरचा पापुद्रा तेवढा रोधक होतो, तर? ऐकायला हे चमत्कारिक वाटते, पण ते प्रयोगाने दिसलेले आहे. ते कसे घडते आणि त्याचे आपल्याला काय, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आधी पापुद्र्यांविषयी थोडे. असे पदार्थ आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. इंदापूर-बारामतीकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात हात भेगाळते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आक्रसते. मोठ्या गिअरांना जे काळे ‘मॉली’ ग्रीस लावतात, त्यात मॉलिब्डेनम आणि गंधक यांचे एक संयुग असते. त्याचे पापुद्रे पत्त्यांच्या जोडासारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून दात झिजत नाहीत. या सगळ्यांचे सूत्र एकच. पापुद्र्याच्या आतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका पापुद्र्याची दुसऱ्याशी असलेली पकड सैल असते. शेजारी घट्ट, वरचा-खालचा सैल, असा हा संसार आहे.

आता वीज म्हणजे काय ते आठवू. वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन जागा बदलतात. ते केव्हा बदलू शकतात हे समजण्यासाठी एक चाळ डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक अणू म्हणजे एक खोली आणि इलेक्ट्रॉन म्हणजे बिऱ्हाडकरू. निसर्गाचा एक कडक नियम आहे. वोल्फगांग पाउली यांनी तो १९२५ साली सांगितला. त्याप्रमाणे आपल्या चाळीत एका खोलीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात, आणि तेही परस्परविरुद्ध फिरकीचे. तिसऱ्याला जागा नाही.

प्रत्येक खोलीत दोघे दोघे भरले असतील तर कोणालाच हलता येत नाही. शेजारी जाणार कुठे? तिथेही दोघे आहेतच. ही चाळ झाली रोधक. अभ्रक, काच, चिनी माती यांचे असेच असते. उलट प्रत्येक खोलीत एकेकच असेल तर सगळीकडे एकेक जागा मोकळी आहे. कोणीही उठून शेजारी जावे, तिथून पुढे जावे. ही चाळ झाली वाहक, म्हणजे धातू. १९२८ ते १९३१ या काळात फेलिक्स ब्लॉख, ॲलन विल्सन वगैरे शास्त्रज्ञांनी पुंज यांत्रिकीच्या आधारे जो सिद्धान्त मांडला, त्याचे ओबडधोबड चित्र हे असे आहे. तो फार यशस्वी ठरला. तांबे का वाहते आणि हिरा का वाहत नाही, याचे उत्तर त्याने दिले.

पण १९३७ साली त्याला एक ठेच लागली. इंग्लंडातल्या ब्रिस्टल येथे भरलेल्या परिषदेत दे बूर आणि फेरवे या दोन डच शास्त्रज्ञांनी निकेल ऑक्साइडचे उदाहरण पुढे केले. खोल्यांचा हिशेब करावा तर त्यात मोकळी जागा आहे, म्हणजे ते वाहक असले पाहिजे. प्रत्यक्षात ते पक्के रोधक आहे! खोल्या मोकळ्या असून बिऱ्हाडकरू हलत का नाहीत?

नेव्हिल मॉट यांनी यावर विचार केला आणि १९४९ साली आपले उत्तर सविस्तर मांडले. सांगायचं म्हणजे, उत्तर अगदी घरगुती आहे. इलेक्ट्रॉनांचे एकमेकांशी पटत नाही. सगळेच ऋण विद्युतभाराचे, तेव्हा एकाने दुसऱ्याला दूर ढकलायचे हे ठरलेलेच. खोलीत जागा असली तरी दुसरा आत आला की भांडण होते, आणि त्या भांडणाची किंमत ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते. किंमत फार असेल तर प्रत्येकजण आपापल्या खोलीत कडी लावून बसतो. जागा असते, पण हालचाल नसते. अशा पदार्थाला मॉट रोधक म्हणतात. १९७७ साली मॉट यांना फिलिप अँडरसन आणि जॉन व्हॅन व्लेक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे दोन गोष्टींची ओढाताण चालू असते. एका बाजूला भांडणाची किंमत. दुसऱ्या बाजूला शेजारच्या खोलीत जाण्याची सोय. दारे जितकी रुंद आणि जितकी अधिक, तितकी ही सोय मोठी. सोय वरचढ ठरली तर पदार्थ धातू, भांडण वरचढ ठरले तर रोधक. दोन्ही पारडी जवळजवळ समतोल असतील तर थोड्याशा कारणाने, म्हणजे थंडीने, दाबाने किंवा विजेच्या ताणाने, पारडे इकडचे तिकडे झुकते.

आता आपली चाळ अनेक मजल्यांची करा. एकेक मजला म्हणजे एकेक पापुद्रा. मजल्यावर शेजारच्या खोलीत जायला रुंद दारे आहेत, आणि वरच्या-खालच्या मजल्यावर जायला अरुंद जिने आहेत. मधल्या मजल्यावरच्या माणसाला शेजार आहे, वर जाता येते, खालीही जाता येते. पण सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा? त्याच्या डोक्यावर नुसते छप्पर. त्याची वरची वाट मुळातच नाही. म्हणजे त्याची जाण्यायेण्याची सोय मधल्यापेक्षा कमी. भांडण तर तेवढेच आहे. मग ज्या चाळीत पारडी समतोलाच्या काठावर असतील, तिथे आधी कोण कडी लावील? उघड आहे, वरचा मजला. आत धातू आणि वर रोधक, हे जे मी सुरुवातीला म्हटले त्याचे मर्म या एका गोष्टीत आहे. पृष्ठभाग म्हणजे पदार्थ जिथे संपतो ती नुसती कड नव्हे. तिथल्या अणूंना शेजारी कमी असतात, म्हणून तिथला कारभारच निराळा असतो.

हे प्रत्यक्ष कुठे दिसले? टँटलम या जड धातूची गंधकाशी आणि सेलेनियमशी पापुद्र्यांची संयुगे होतात. एकाला टँटलम डायसल्फाइड म्हणतात, दुसऱ्याला टँटलम डायसेलेनाइड. मध्ये टँटलमच्या अणूंचा थर आणि त्याच्या वरखाली गंधकाचा किंवा सेलेनियमचा थर, असा एक पापुद्रा. गंधकाच्या संयुगात तो इतका पातळ असतो की एका मिलिमीटरच्या जाडीत सुमारे १७ लाख पापुद्रे मावतात.

हे स्फटिक थंड होऊ लागले की त्यांच्यात एक विलक्षण रचना आपोआप घडते. बारा टँटलम अणू एका मधल्या अणूकडे किंचित सरकतात आणि तेरा अणूंची एक सहा टोकांची चांदणी तयार होते. सगळा पापुद्रा अशा चांदण्यांनी भरून जातो. आपल्या भाषेत, तेरा खोल्यांचा मिळून एक वाडा होतो. प्रत्येक खोलीतून एक याप्रमाणे वाड्यात तेरा इलेक्ट्रॉन आले. बारांच्या सहा जोड्या जमल्या, त्या आपापल्या जागी स्थिर झाल्या. तेरावा राहिला एकटा. आता सगळा प्रश्न या तेराव्याचा! तो शेजारच्या वाड्यात जाईल की आपल्याच वाड्यात बसून राहील?

गंधकाच्या संयुगात, तपमान शून्याखाली सुमारे ९३ अंशांवर उतरले की विजेला होणारा विरोध एकदम सुमारे दहा पटींनी वाढतो. फाझेकाश आणि तोसात्ती या दोघा शास्त्रज्ञांनी १९७९ साली सांगितले की, हा तेरावा इलेक्ट्रॉन मॉट यांच्या नियमाने आपल्या वाड्यात अडकून पडतो.

सेलेनियमच्या संयुगाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्यातही चांदण्या होतात, पण स्फटिकाला तारा जोडून विरोध मोजला तर तो कितीही थंड केला तरी धातूसारखाच वागतो. २००३ साली युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने याच स्फटिकाचा फक्त वरचा थर तपासला. शून्याखाली सुमारे १३ अंशांच्या आसपास, म्हणजे घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात असते साधारण तेवढ्या थंडीत, वरच्या थरातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकले! पोटात धातू, पाठीवर रोधक. थंडीत चांदण्या अधिक आवळल्या जातात, वाड्यावाड्यांमधली दारे अरुंद होतात, आणि वरच्या पापुद्र्याला वाटा मुळातच कमी असल्यामुळे तिथे पारडे आधी उलटते.

आपण विचाराल, फक्त वरचा थर तपासतात तरी कसा? पदार्थावर विशिष्ट प्रकाश पाडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. याचा उलगडा आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केला. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचा वेग आणि दिशा मोजली की ते आत कोणत्या स्थितीत होते ते कळते. पण खोलवरचे इलेक्ट्रॉन बाहेर येता येता वाटेत धडका खाऊन आपली मूळची ऊर्जा गमावतात. खरी बातमी घेऊन येतात ते बहुतेक वरच्या एक-दोन पापुद्र्यांतलेच. म्हणून हे साधन पृष्ठभागासाठी फार उत्तम.

यात एक अडचण आहे. पृष्ठभाग उघडा पडला की हवेतले कण त्यावर बसू लागतात. म्हणून स्फटिक निर्वात पेटीत ठेवतात आणि तिथेच त्याचा वरचा पापुद्रा, कधी कधी साध्या चिकटपट्टीने, सोलून काढतात. त्या पेटीत हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाहूनही कमी असतो. तेव्हा कुठे काही तास कोरा पृष्ठभाग हाती लागतो. आपल्याकडे अशा तपासणीसाठी लागणारा प्रखर प्रकाश इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस’ नावाच्या यंत्रांतून मिळतो. तिथे इलेक्ट्रॉन वर्तुळाकार मार्गाने फिरवून हा प्रकाश निर्माण करतात.

इथवर सगळे सरळ वाटते. पण खरा पेच पुढेच आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गंधकाच्या संयुगाकडे परत वळू. तो पदार्थ मॉट रोधक आहे असे जे चाळीस वर्षे मानले गेले, त्याला मोठा आधार होता तो पृष्ठभागावरच्या मोजमापांचा. पण अलीकडे असे ध्यानात आले की, थंडीत त्याचे पापुद्रे दोन दोन असे जोडीने बसतात. मग एका मजल्यावरचा तेरावा आणि दुसऱ्या मजल्यावरचा तेरावा, या दोघांचीच जोडी जमते! जोडी जमली की सगळ्या जागा भरल्या. मग हालचाल थांबायला भांडणाची गरजच उरत नाही. पदार्थ अभ्रकासारखा साधा रोधक ठरतो. परिणाम तोच, पण कारण अगदी निराळे.

२०२० साली जपानमधल्या संशोधकांनी अतिसूक्ष्म टोकाच्या साह्याने अणूअणूंवरून फिरणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून हा स्फटिक पाहिला. त्यांना दोन प्रकारचे पृष्ठभाग दिसले. स्फटिक दोन जोड्यांच्या मधून सुटला तर वर पूर्ण जोडी राहते. पण जोडीच्या मधूनच फाटला तर वरचा पापुद्रा एकटा पडतो, त्याचा तेरावा इलेक्ट्रॉन विधुर होतो. असा एकटा पापुद्राही रोधकच असतो, पण तो भांडणामुळे. एकाच स्फटिकाचे दोन पृष्ठभाग दोन वेगळ्या कारणांनी रोधक! ज्याने फक्त एकच पाहिला तो आतल्या पदार्थाविषयी चुकीची साक्ष देईल. मूळ कारण भांडण की जोडी, यावर अभ्यासकांत वाद झडले आहेत, आणि ते अगदी योग्य आहे.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नीरेच्या कालव्याखाली कित्येक ठिकाणी जमिनी खारवट झाल्या. उन्हाळ्यात अशा रानावर पांढरा खार फुटलेला दिसतो. पाणी खालून वर चढते, उडून जाते आणि मीठ वर ठेवून जाते. म्हणून वरची मूठभर माती पाहून सगळ्या रानाचा निकाल कोणी देत नाही. खड्डा घेऊन वेगवेगळ्या खोलीची माती वेगवेगळी तपासावी लागते. स्फटिकाचेही तसेच आहे. वरून आत ओळखू नये आणि आतून वरचे ठरवू नये. दोन्ही तपासावे.

आता शेवटचा प्रश्न, याचा उपयोग काय? एक हिशेब करून पाहा. एका मिलिमीटरच्या स्फटिकात १७ लाख पापुद्रे, त्यांतले पृष्ठभागाचे दोनच, एक वरचा आणि एक खालचा. त्यांनी काहीही केले तरी तारा जोडून मोजणाऱ्याला पत्ता लागणार नाही. पण तीनच पापुद्र्यांची वस्तू केली तर? तीनांतले दोन पृष्ठभागच! वस्तू जितकी पातळ, तितका पृष्ठभागाचा अंमल मोठा. आणि आजचा सगळा उद्योग पातळ करण्याकडे चालला आहे. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, त्यांतली वीज सिलिकॉनच्या पोटातून वाहत नाही, ती पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थरातून वाहते. विजेच्या ताणाने तो थर वाहक करायचा किंवा रोधक करायचा, एवढेच ट्रान्झिस्टरचे काम. इतिहासही हेच सांगतो. पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि म्हणून बाहेरून लावलेल्या ताणाचा आत परिणाम होत नाही, हे जॉन बार्डीन यांनी उलगडून दाखवले. त्या अभ्यासातूनच डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर जन्मला.

पापुद्र्यांच्या पदार्थांनी ही वाट आणखी पुढे नेली. २००४ साली आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटचा एकच पापुद्रा चिकटपट्टीने सोडवून त्यातून वीज खेळवली. त्यालाच ग्राफीन म्हणतात. २०१४ साली स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी टँटलम आणि गंधकाच्या याच संयुगावर प्रकाशाचा एक अतिसूक्ष्म काळाचा झोत टाकून त्याला रोधकाचा वाहक केले, आणि पुरेशा थंडीत तो तसाच राहिला. बटण दाबल्यावर दिवा लागलेला राहावा तसे हे आहे. स्मृती साठवणारी नवी साधने यातून घडतील अशी आशा आहे. २०१८ साली अमेरिकेत ग्राफीनचे दोन पापुद्रे एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने तिरके ठेवले, तर एरवी उत्तम वाहक असलेले ग्राफीन विशिष्ट स्थितीत रोधक झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख आणि त्यांचे सहकारी असेच दुपदरी पापुद्रे पीळ देऊन रचतात आणि विजेच्या ताणाने त्यांची वाट कशी उघडते, कशी बंद होते, ते पाहतात. ग्राफाइट तेच, मोटरीच्या ब्रशातले. फक्त दोन-चार पापुद्रे घेतले आणि थोडा पीळ दिला!

वालचंदनगरच्या यंत्रशाळेत साखर कारखान्यांच्या अवजड यंत्रांपासून अग्निबाणांच्या आवरणांपर्यंत कामे झाली. तिथला कारागीर पत्रा तपासताना नुसता वरचा चकचकीतपणा पाहून शिक्का मारत नाही, आत भेग आहे का तेही पाहतो. आणि आत सगळे ठीक असले तरी पृष्ठभागावरचा ओरखडा सोडून देत नाही, कारण पुष्कळदा तडा तिथूनच सुरू होतो. पदार्थविज्ञानाने टँटलमच्या चांदण्यांवरून जे शिकले, ते याच जातीचे शहाणपण आहे. पृष्ठभाग आणि पोट या दोन वेगळ्या साक्षी आहेत. दोन्ही ऐकल्याशिवाय पदार्थाचा निवाडा होत नाही.